विंडोज १० संपलं म्हणून चांगला पीसी भंगारात काढू नका

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. 'विंडोज १० बंद झालं. जुन्या पीसीवर विंडोज ११ बसत नाही. पीसी हँग होतोय म्हणजे त्याचं आयुष्य संपलं. लिनक्सवर मराठी आणि प्रिंटर चालत नाही. लगेच एक्स्चेंज करा.' (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी पीसीत बसवता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम.) हा मेसेज वाचून सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांपासून मुलांच्या अभ्यासासाठी पीसी घेतलेल्या पालकांपर्यंत सगळे धास्तावलेत. धडधाकट पीसी मातीमोल भावात जाऊ नयेत, म्हणून हे लिहितोय.

'बंद झालं' हे पहिलंच वाक्य चुकीचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने मोफत सुरक्षा अपडेट थांबवले, एवढंच. पीसी पूर्वीसारखाच सुरू होतो. धोका मात्र खरा आहे. नव्याने सापडणाऱ्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत, त्यामुळे तसाच वापरत राहा असं मी म्हणणार नाही. पण घरगुती पीसीसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिली आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी होते, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्जचा बॅकअप ठेवला तर पैसेही लागत नाहीत. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

'विंडोज ११ बसत नाही' हेही अर्धवट. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल, तर अडतं ते बहुतेक वेळा टीपीएम २.० वर, म्हणजे विंडोज ११ ला लागणाऱ्या पीसीतल्या सुरक्षेच्या सोयीवर. हे टीपीएम बऱ्याच पीसीत असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने सापडेल, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाने. ते चालू करून पुन्हा तपासा. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्क-कुलूप लावलेलं असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. प्रोसेसर त्याहून जुना असेल तर मात्र विंडोज ११ चा नाद सोडा.

हँग होण्याचं म्हणाल, तर टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर निवांत आणि डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, तर दोष जुन्या हार्डडिस्कचा. तिच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली की तोच पीसी ओळखू येत नाही. दुसरी एक तक्रार हमखास येते: प्रत्येक वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणते. लोक व्हायरस समजतात. कोपऱ्यातली तारीख पाहा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणाएवढा सेल संपलाय.

लिनक्सवर मराठी चालत नाही, हे तर धादांत खोटं. लिनक्स मिंट किंवा उबंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांत कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीने युनिकोड मराठी टाइप होतं. प्रिंटरबद्दल मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज चालतात, पण दुकानांच्या काउंटरवर सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर फार त्रास देतो. म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, काहीही इन्स्टॉल न करता, वायफाय, आवाज आणि तुमचाच प्रिंटर तपासा.

ज्यांचं काम टॅलीवर चालतं, किंवा लग्नपत्रिका पेजमेकर-कोरलमध्ये होतात, त्यांनी विंडोज काढू नये, ही सॉफ्टवेअर आज लिनक्ससाठी मिळत नाहीत. दोन्ही हवं असेल तर एकाच पीसीत दोन्ही राहतात. फक्त लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. ती बिघाडाची खूण नाही, लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक कमांड दिली की दोन्हीकडे वेळ जुळते.