फर्ग्युसनचं बजेट बघा, मग दंगलीबद्दल बोला

अमेरिकेत कुठे जाळपोळ झाली की आपल्याकडच्या ग्रुप्सवर लगेच सुरू होतं, यांना कायदा नको, फुकटात दुकानं लुटायला हवीत. २०१४ ला फर्ग्युसन पेटलं तेव्हा हेच वाचलं, आजही तेच वाचतेय, म्हणून लिहितेय.

फर्ग्युसन म्हणजे मिझुरी राज्यात सेंट लुईसजवळचं, तेव्हा २१ हजार वस्तीचं शहर. तीनातले दोन लोक काळे, पण ५४ पोलिसांत काळे फक्त ४, महापौर गोरा, सहा नगरसेवकांत एक काळा. महापालिकेचं मतदान एप्रिलमध्ये, २०१३ ला १२ टक्क्यांच्या आसपास झालं. ९ ऑगस्ट २०१४ ला १८ वर्षांचा काळा मुलगा मायकल ब्राउन गोऱ्या पोलिसाच्या गोळीने गेला आणि भर दुपारी चार तास मृतदेह रस्त्यावर पडून होता. त्या पोलिसावर खटला चालला नाही, केंद्राच्या तपासातही पुरेसा पुरावा मिळाला नाही, मान्य. पण मार्च २०१५ ला जस्टिस डिपार्टमेंटने, म्हणजे केंद्राच्या न्याय खात्याने, या गोळीबाराच्या रिपोर्टसोबत त्याच दिवशी शहराच्या कारभारावर दुसरा रिपोर्ट काढला, तो कोणी वाचतच नाही.

त्यात काय आहे तर शहराच्या उत्पन्नातला जवळपास चौथा हिस्सा दंडातून यायचा होता. सेल्स टॅक्स कमी पडतोय, तिकिटं वाढवा, असं फायनान्स डायरेक्टर पोलीस चीफला लिहितो! मग गवत वाढलं दंड, रस्त्यातून चाललात दंड. एका बाईने २००७ ला गाडी चुकीची लावली, दंड १५१ डॉलर आणि वर फी. तिच्याकडे राहायला घर नसायचं कधीकधी, तारखा चुकल्या, वॉरंट निघालं, सहा दिवस जेल. थोडेथोडे पैसे पाठवले तर कोर्टाने परत केले. २०१४ पर्यंत ५५० डॉलर भरून झाले होते आणि अजून ५४१ बाकी होते!! ज्यांना अटक झाली त्यांच्यात ९३ टक्के काळे.

जी दुकानं जळाली ती तिथल्याच लोकांची होती, त्याचं मला वाईट वाटतं आणि जाळणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही. पण महापालिकाच नागरिकाला गिऱ्हाईक समजून वसुली करत असेल तर त्या माणसाने दाद मागायची कुठे, कोर्टात? तेच कोर्ट तर वसूल करत होतं.

२०२० ला एला जोन्स पहिल्या काळ्या महापौर झाल्या, चांगलंच झालं. पण २०१५ च्या राज्याच्या कायद्याने सेंट लुईस काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) गावांना दंडातून १२.५ टक्क्यांपर्यंतच उत्पन्न घ्यायची मर्यादा घातली, तेव्हा एवढं सगळं डोळ्यांसमोर घडूनही काही गावं कोर्टात गेली, आणि २०१७ ला ती फक्त या काउंटीसाठीची खास मर्यादा रद्द करून घेतली.