ठेवणीतले खेळाडू

मार्च महिना उजाडला, की न्यू जर्सीतील आमच्यासारख्या काही मराठी गृहस्थांपुढे दोन कागद येऊन पडतात. पहिला प्राप्तिकराच्या विवरणपत्राचा, आणि दुसरा फॅन्टसी बेसबॉलमध्ये (म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधून मैदानावरील त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळात) गेल्या वर्षीचे कोणते चार खेळाडू यंदा ‘कीप’ करायचे, म्हणजे आपल्याच संघात ठेवायचे, या यादीचा. पहिल्यात चूक झाली तर सरकार पत्र पाठवून ती दुरुस्त करू देते. दुसऱ्यात तशी सोय नाही, त्यामुळे त्याला अनुभवी माणसाचा सल्ला लागतो. बारा संघांच्या लीगमध्ये नवव्या ते बाराव्या स्थानावरील पकड मी गेली अनेक वर्षे ढिली पडू दिलेली नाही, हा माझा अधिकार. ज्या डॅनियल ओक्रेंट यांनी १९८० साली न्यूयॉर्कमधील मित्रमंडळींना घेऊन या खेळाची पहिली ‘रोटिसरी’ लीग मांडली, त्यांनाही स्वतःची लीग कधी जिंकता आली नाही असे सांगतात. तेव्हा माझी परंपरा थेट संस्थापकांपर्यंत पोहोचते.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू. हिशेबी लोक सांगतात, की कीपर, म्हणजे असा ठेवायचा गडी, निवडताना खेळाडू किती थोर आहे हे पाहायचे नसते, तो कितीला पडतो हे पाहायचे असते. आमच्या लीगचा नियम असा, की गेल्या वर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे आळीपाळीने खेळाडू उचलण्याच्या, ज्या फेरीत खेळाडू घेतला, त्याच्या आधीच्या फेरीतील आपला हक्क त्याच्यापोटी सोडून द्यावा लागतो. पंधराव्या फेरीत घेतलेला पोरगा म्हणजे चौदाव्या फेरीच्या मोलात राहतो, आणि दरम्यान तो तिसऱ्या फेरीच्या योग्यतेचा झाला असेल, तर अकरा फेऱ्यांचा नफा पदरात पडतो. उलट दुसऱ्या फेरीतील नामवंताला पहिल्या फेरीच्या मोलाने ठेवणे म्हणजे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मोजून वर दुकानदाराचे आभार मानणे होय. हा हिशेब अगदी बिनचूक आहे आणि म्हणूनच तो आपण करू नये. श्रीखंडाचा रिकामा डबा माळ्यावर ठेवताना आपल्या आईने कधी त्याचा बाजारभाव विचारला होता काय? वस्तू ठेवायची ती आपली आहे म्हणून, आणि टाकली की दुसऱ्याच दिवशी लागते म्हणून.

याचे आदर्श उदाहरण म्हणजे माइक ट्राउट. २०१४, २०१६ आणि २०१९ अशा तीन वर्षी तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा; दुसरा नॅशनल लीग) सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि एवढे पुरावे हाती असल्यावर पुढच्या वर्षांकडे पाहण्याचे कारण उरत नाही. तरीही कोणी छिद्रान्वेषी ती वर्षे समोर ठेवतोच: मोसमातील १६२ सामन्यांपैकी २०२१ मध्ये तो ३६ खेळला, २०२२ मध्ये ११९, २०२३ मध्ये ८२ आणि २०२४ मध्ये २९. आपण शांतपणे सांगावे, की खुद्द एंजल्स संघाने २०१९ साली त्याच्याशी २०३० पर्यंतचा ४२ कोटी ६५ लाख डॉलरांचा करार केला आहे. ज्यांचे खरे पैसे गुंतले आहेत ते जर त्याला सोडत नाहीत, तर फुकटात खेळणाऱ्या आपण का सोडावे? २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याने दहा होमरन ठोकले, तेव्हा मी लीगमधील सर्वांना ‘बघा, म्हणालो नव्हतो?’ असा संदेश पाठवला होता. महिना संपता संपता त्याच्या गुडघ्यातील कूर्चा फाटली आणि तो त्या मोसमात पुन्हा मैदानात उतरला नाही. संदेश मात्र अजून तिथेच आहे, कारण तो पुसण्याची मुदत टळून गेली होती.

त्याच एप्रिलमध्ये माझ्या संघाच्या शेवटच्या खुर्चीवर पॉल स्कीन्स नावाचा एक तरुण पिचर, म्हणजे गोलंदाज, बसून होता. तो मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीवर, इंडियानापोलिसला खेळत असल्यामुळे मला एकही गुण मिळवून देत नव्हता. फुकट जागा अडवणाऱ्याला पोसायचे नाही, या बाण्याने मी त्याला सोडून दिले. मे महिन्यात पिट्सबर्गच्या मुख्य संघाने त्याला बोलावले. त्याने २३ सामन्यांत १.९६ च्या ईआरएने (दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) गोलंदाजी केली आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित हा मान मिळवला. ज्या सहकाऱ्याने त्याला उचलले, तो आजही दर मार्चमध्ये मला आठवणीने जेवायला नेतो. तात्पर्य काढायचे झाले तर एवढेच, की नवोदिताला संयम शिकवावा आणि आपण तो शिकू नये.

क्लोजर मात्र अवश्य ठेवावा, आणि तोही वरच्या फेरीच्या मोलाने. शेवटच्या डावात येऊन आघाडी टिकवायची, एवढेच ज्याचे काम, त्याच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा कोण? न्यूयॉर्क मेट्स संघाच्या एडविन डियाझने २०२२ मध्ये ३२ सेव्ह, म्हणजे अशा टिकवलेल्या आघाड्या, नोंदवले होते, ईआरए होता १.३१. पुढच्या मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये त्याने प्वेर्तो रिकोसाठी डॉमिनिकन रिपब्लिकविरुद्धचा शेवटचा बळी घेतला, सहकाऱ्यांबरोबर आनंदाने उड्या मारल्या, आणि त्या उड्यांमध्येच त्याच्या उजव्या गुडघ्याची कंडरा तुटली. मोसम सुरू होण्यापूर्वीच त्याचा मोसम संपला. तेव्हा क्लोजर निवडताना तो फार हर्षोत्फुल्ल स्वभावाचा नाही ना, एवढी चौकशी करून घ्यावी.

बेस चोरणाऱ्यांविषयी, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळत पुढचा टप्पा गाठणाऱ्या धावकांविषयी, फारसे लिहीत नाही. २०२३ मध्ये बेस मोठे झाले, पिचरने धावकाला रोखण्यासाठी वळण्यावर मर्यादा आली, आणि संपूर्ण मेजर लीगमधील वर्षाच्या चोऱ्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. आवक वाढली की लासलगावात कांद्याचे काय होते, हे आपणांस ठाऊकच आहे. तरीही जुन्या भावाने भरलेली चाळ विकायची नाही, हाच खरा बाणा.

आता शोहेइ ओहतानी. काही संकेतस्थळांवर तो दोन स्वतंत्र खेळाडू म्हणून नोंदलेला असतो, एक फलंदाज आणि एक पिचर, आणि दोघांचे छायाचित्र एकच. आमच्या लीगमधील एका गृहस्थांनी २०२४ ची यादी मुदतीच्या रात्री, अकरा वाजून पंचावन्न मिनिटांनी, एका हाताने मुलाला थोपटत दुसऱ्या हाताने भरली आणि खूण केली ती पिचर ओहतानीवर. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्या पिचरने त्या मोसमात एकही चेंडू टाकला नाही. फलंदाज ओहतानी दुसऱ्याच एका संघाने ड्राफ्टमध्ये उचलला. त्याने ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले. गृहस्थ मात्र संकेतस्थळावरील ते हसरे छायाचित्र पाहत सहा महिने म्हणत राहिले, की माणूस तर एकच आहे.

अखेरीस एक व्यावहारिक सूचना. यादी गुप्त ठेवू नये. मुदतीच्या दोन दिवस आधी ती लीगमधील सर्वांना दाखवून मत मागावे. उरलेले अकरा जण तासाभरात ‘उत्तम निवड’, ‘काहीही बदलू नका’ असे कळवतील, आणि त्यांच्या कळकळीविषयी आपण तिळमात्र शंका घेऊ नये. वर्षभरात त्यांनी आपल्याला लिहिलेल्यांपैकी एवढेच मनापासून लिहिलेले असते.