बाग वाढवायची आहे? मग बाकावरून उठू नका

तुमच्या घराजवळच्या बागेत संध्याकाळी झोक्यासाठी रांग लागते? आजोबांच्या फेऱ्या आणि पोरांचं क्रिकेट एकाच पट्ट्यात चालतं? मग आनंदाची बातमी ऐका. शेजारचा मोकळा भूखंड विकास आराखड्यात बागेसाठीच राखून ठेवलेला आहे. नकाशावर तो हिरवागार आहे. प्रत्यक्षात तिथे राडारोडा आणि एक वडापावची गाडी आहे. पण तुम्ही नकाशाच बघत जा, डोळ्यांना गारवा मिळतो.

घाई मात्र करू नका. आराखडा लागू झाल्यावर पहिली १० वर्षं खुद्द जागामालक महापालिकेला काही विचारू शकत नाही, तिथे तुम्ही कोण लागून गेलात? त्यानंतर तो १९६६ च्या नगररचना कायद्यातल्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देतो : घ्या, नाहीतर सोडा.

कायदा करणारे अस्सल मराठी होते, याची खूण इथे पटते. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण त्यांनी कलमातच घातली होती. नोटिशीनंतरची मुदत बरोबर ६ महिने! पुढे म्हण तोकडी पडली. २००९ मध्ये १२ महिने झाले, २०१५ मध्ये २४. तेवढ्यात भूसंपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण रद्द. वरच्या कार्यालयाला प्रस्ताव धाडला की पाऊल पडलं, अशी एक सोयीची समजूत होती. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तीही मोडली. आमच्याकडे कागदांना पाय फुटतात, हे कुणीतरी तिथे सांगायला हवं होतं.

नोटीस आल्याची कुणकुण लागली, तरी चौकशीला जाऊ नका. उद्यान विभाग म्हणेल, ताबा द्या, झाडं आम्ही लावतो. नगररचना म्हणेल, मोजणी बाकी आहे. मालकाला टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क) दाखवावा तर त्याला रोख हवी. रोख द्यावी तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदल्यावर आणखी १०० टक्के दिलासा रक्कम. तो आकडा बघून लेखा विभाग 'तरतूद नाही' असा शेरा मारतो (हा शेरा फार सुवाच्य असतो). मग स्थायी समिती. तिथे विषय तहकूब.

असे २३ महिने जातात आणि चोविसावा नेमका मार्च निघतो. त्या महिन्यात सगळे तुमच्याच बागेतले धडधाकट ब्लॉक उखडून नवे बसवण्यात गुंतलेले असतात. त्याला तरतूद असते.

आरक्षण गेलं की मात्र लगेच मोर्चा काढा. आता काहीच होणार नसल्यामुळे सर्व पक्षांचे लोक येतील, भाषणं जोरदार होतील. 'बाग वाचवा'चे फलक जपून ठेवा. पुढे त्या भूखंडावर 'गार्डन व्ह्यू' उभं राहील. फ्लॅट बघायला जाल तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या वरचा आणि बागेकडच्या बाजूचा मागा. तिथून झोक्याची रांग नीट दिसते, आपल्या पोराचा नंबर आला की खाली उतरता येतं.