काळी निशाणे पाहणारा पंतप्रधान

नोव्हेंबर उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेहरूंवरून भांडण सुरू होते आणि चौदा तारखेपर्यंत ते चांगलेच पेटते. एकीकडे काश्मीरपासून त्यांच्या शेरवानीवरच्या गुलाबापर्यंत सगळ्यावर तोंडसुख घेणारे, दुसरीकडे एक उणा शब्द निघाला तरी दुखावणारे. मी व्हर्जिनियात राहते. हे सगळे वाचताना मला मनापासून वाईट वाटते, कारण नेहरूंमधले जे मला सर्वांत मोलाचे वाटते त्याबद्दल दोन्ही बाजू अवाक्षर काढत नाहीत. ते म्हणजे विरोधकाशी वागण्याची त्यांची रीत.

मराठी माणसाने हे म्हणताना ३० नोव्हेंबर १९५७ या दिवसाला वळसा घालू नये. मराठी भाषकांच्या राज्याची मागणी होती, पण मुंबईसह ते राज्य नाकारले गेले होते. गोळीबारात शंभरावर माणसे गेली होती. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले होते, तेही पंतप्रधानांच्या कारभारावर लोकसभेत उघड बोट ठेवून. अशा तापलेल्या काळात नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला आले. संयुक्त महाराष्ट्र समितीचे लोक काळी निशाणे घेऊन वाईच्या बाजूच्या रस्त्यावर दुतर्फा उभे राहिले. निदर्शने शांततेत पार पडली. त्याचे श्रेय आधी समितीच्या शिस्तीला, मग यशवंतराव चव्हाणांच्या संयमाला. पण देशाचा पंतप्रधान आपल्याविरुद्धच्या घोषणा ऐकत त्याच रस्त्याने गेला, हेही विसरू नये. अडीच वर्षांच्या आत, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि त्या सोहळ्याला नेहरूच आले. हा निर्णय वेळेवर झाला असता तर ती माणसे वाचली असती. हा दोष त्यांच्या पदरी आहे आणि राहील. तरीही लोकांनी निवडणुकीत आणि रस्त्यावर जे सांगितले ते त्यांनी अखेर मानले, हेही तितकेच खरे.

या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला मला इथल्या वास्तव्याने शिकवले. आमच्या घरापासून जॉर्ज वॉशिंग्टनचे माउंट व्हर्नन जवळ आहे. पोरवयात त्याने सभ्य वागणुकीचे ११० नियम वहीत उतरवून काढले होते. चारचौघांत जे कराल त्यात समोरच्यांविषयीचा आदर दिसावा, असा त्यातला पहिलाच नियम. स्वातंत्र्ययुद्ध जिंकल्यावर डिसेंबर १७८३ मध्ये अ‍ॅनापोलिसला जाऊन त्याने सेनापतिपद काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या प्रतिनिधिसभेच्या, स्वाधीन केले आणि तो शेतीवाडीकडे परतला. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर दोन कारकिर्दी संपताच निघून गेला. सत्ता हातची सोडण्याचा हा धडा नव्या देशाला फार मोलाचा होता. पण त्याच माउंट व्हर्ननमध्ये गुलामांच्या राहण्याच्या जागाही दाखवतात. १७९९ मध्ये तो वारला तेव्हा तिथे ३१७ गुलाम होते. ओना जज नावाची तरुणी पळून गेली तेव्हा तिला परत मिळवायला त्याने माणसे कामाला लावली होती. स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त करण्याची तरतूद त्याने मृत्युपत्रात केली, हेही तिथेच कळते. शाळेच्या सहलीला आलेली मुले हे सगळे एकाच दुपारी ऐकतात. हे ऐकून वॉशिंग्टन कोणाला लहान वाटू लागतो असे मला तरी दिसले नाही.

इथे सारे आलबेल आहे असे मात्र मी म्हणणार नाही. २०२० मध्ये पोर्टलंडला वॉशिंग्टनचा पुतळा पाडला गेला. शाळा-मंडळाच्या साध्या बैठकीतही आता पालक एकमेकांवर ओरडतात. तेव्हा परदेशातून भारताला उपदेश करण्याचा हक्क मला पोचत नाही. उलट मला वाटते की आपल्याकडचा वारसा काही बाबतीत अधिक श्रीमंत आहे आणि आपणच तो वापरत नाही.

नेहरूंचेच पाहा. नोव्हेंबर १९३७ मध्ये, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, त्यांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’त चाणक्य या टोपणनावाने स्वतःवरच लेख लिहिला. या माणसात हुकूमशहा होण्याचे गुण आहेत, याला आवर घाला, असा इशारा त्यात होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात डॉ. आंबेडकर आणि श्यामाप्रसाद मुखर्जी होते. काँग्रेसचे कडवे टीकाकार राहिलेली माणसे. दोघेही पुढे मतभेदांवरून बाहेर पडले, आणि हिंदूंच्या विवाह-वारसा कायद्यांत सुधारणा करणाऱ्या हिंदू कोड बिलावर बाबासाहेबांना पुरेसे बळ मिळाले नाही ही तक्रार रास्तच होती. १९५९ मध्ये केरळचे निवडून आलेले सरकार बरखास्त झाले, तेव्हा तर नेहरू स्वतःच्या रीतीलाच जागले नाहीत.

पण १९६२ पाहा. चीनशी युद्ध चालू होते आणि आपली पीछेहाट होत होती. वाजपेयी तेव्हा तरुण विरोधी खासदार होते. त्यांनी संसद बोलवा अशी मागणी केली आणि युद्ध संपायच्या आतच, ८ नोव्हेंबरला, लोकसभा भरली. पुढच्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. नुकतेच निवडून आलेले लोहिया त्या चर्चेत म्हणाले की देशातला गरीब माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो आणि पंतप्रधानांवर रोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात. सभागृहात, तोंडावर! सरकारने आकडा खोडून काढायचा प्रयत्न केला, पण बोलणाऱ्याला देशद्रोही ठरवले नाही. ठराव मोठ्या फरकाने पडला. उत्तराच्या भाषणात नेहरूंनी या चर्चेचे स्वागत केले आणि अशी परीक्षा अधूनमधून व्हावी असे सांगितले. नऊ महिन्यांनी ते गेले तेव्हा राज्यसभेत वाजपेयींनी त्यांना वाहिलेली श्रद्धांजली आजही लोक शोधून वाचतात. ते भाषण करताना वाजपेयींनी आपला पक्षही सोडला नव्हता आणि मतेही.

नेहरूंचे चाहतेही इथे चुकतात असे मला वाटते. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. त्यातून नेहरू वगळलेले नव्हते. टीका ऐकून घेणाऱ्या माणसाच्या नावाने टीकाकारांची तोंडे बंद करणे हा त्याचाच अपमान आहे.

आमच्या महाराष्ट्र मंडळात बालदिनाला मुलांना टोपी आणि गुलाब लावून उभे करतात. यंदा मी वेगळे सुचवले आहे. मोठ्या मुलांनी ऑगस्ट १९६३ ची ती चर्चा मराठीत वाचून दाखवावी. लोहियांचे भाषण आधी, न कापता. मग नेहरूंचे उत्तर.