स्पाइक गार्ड होता, तरी टीव्ही गेला

पिंट्या कट्ट्यावर आला तो जळकी एक्स्टेंशन पट्टी हातात घेऊनच. टीव्ही गेला, राउटर गेला, फ्रिजचं कार्ड गेलं. "स्पाइक गार्ड आहे, विजेचे झटके अडवतो म्हणून घेतली होती. तिच्यावरचा दिवा शेवटपर्यंत चालू होता. निव्वळ फसवणूक!"

"स्टॅबिलायझर घे म्हणून मी कधीपासून सांगतोय," मास्तर म्हणाले.

"पण एमसीबी, तो बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, का नाही पडला?" पिंट्या.

"तो करंट बघतो रे, व्होल्टेज नाही," अण्णा म्हणाले. त्यांची सगळी हयात वायरिंगमध्ये गेली. त्यांनी पट्टीचे स्क्रू काढले. आत बटणाएवढी एक चकती होती, अर्धी काळी, कडेने फुटलेली, खालचं प्लास्टिक वितळलेलं. "हा एमओव्ही. झिंक ऑक्साइडचा असतो. नेहमीच्या व्होल्टेजला गप्प बसतो, फार चढलं की झटका स्वतःवर घेतो. पण काही मायक्रोसेकंदांचाच. व्होल्टेज चढून तसंच राहिलं, तर तापून मरतो. पिंट्या, टीव्ही जायच्या आधी पंखा कसा फिरत होता?"

"सुसाट! शेजाऱ्यांचा मात्र जेमतेम फिरत होता म्हणे."

"मग हा सर्ज, म्हणजे क्षणभराचा झटका, नाहीच. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, तुटलाय."

खरा मुद्दा इथेच आहे, आणि बहुतेकांची गल्लतही इथेच होते. तीन फेजच्या लाइनीत प्रत्येक घराला फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट मिळतात, पण दोन फेजमध्ये 400 असतात. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज 300च्या वरही चढू शकतं. ज्या फेजवर लोड जास्त, तिथे पडतं. म्हणून एकाचा पंखा धावतो आणि शेजारचा रेंगाळतो. हे मिनिटं, कधी तासही चालतं. अशा वेळी एकच काम करायचं, मेन स्विच बंद. एलईडी दिव्यांवरून कळेलच असं नाही, व्होल्टेज चढलं तरी बरेच एलईडी तसाच उजेड देतात. पंख्याचा आवाज ऐका.

"म्हणजे स्टॅबिलायझरच बरोबर," मास्तर हटायला तयार नव्हते.

"मास्तर, त्याच्यात हाय कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की लाइन तोडायची सोय, असेल तर. नाहीतर व्होल्टेज त्याच्या रेंजबाहेर गेलं की तोही काही करू शकत नाही. त्यापेक्षा डीबीत, म्हणजे घराच्या मेन बोर्डात, ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले लावा, तो अख्ख्या घराची लाइन तोडतो. आणि विजेचा झटका असेल तर स्टॅबिलायझरचा रिले हलायच्या आत सगळं संपलेलं असतं."

"मग ही पट्टी फेकू ना?" पिंट्या.

मला राहवलं नाही. ही फेक, पण तिच्या जागी दुसरी आण. पट्टीचं काम वेगळं, रिलेचं वेगळं. मोटर, कॉम्प्रेसर बंद होताना उठणारे छोटे झटके रोजचे असतात, ते पट्टीच झेलते. प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक एमओव्ही थोडा थोडा खचतो, आणि साधा दिवा फक्त वीज आहे एवढंच सांगतो. आणि ढग गडगडायला लागले की स्विच बंद करून भागत नाही. ढगापासून जमिनीपर्यंत आलेल्या विजेला स्विचमधली काही मिलिमीटरची फट ती काय! प्लग उपसायचा, तोही आधीच. माझा मोडेम प्लग काढलेला असतानाही गेला, कारण बाहेरून आलेली केबल मी तशीच ठेवली होती. तेव्हापासून मी दोन्ही काढतो.

"माझ्याकडे डीबीतच एसपीडी आहे, झटका जमिनीकडे वळवणारा," मास्तर म्हणाले.

अण्णांनी लगेच विचारलं, "वायर किती लांब आहे त्याची?"

"भरपूर आहे. छान गुंडाळून ठेवलीय."

"अहो, तीच तर घोडचूक! झटक्यात हजारो अँपिअर एवढ्या झपाट्याने चढतात की एक मीटर सरळ वायरीतच हजारभर व्होल्ट उभे राहतात. ते एसपीडीच्या व्होल्टेजवर चढून तुमच्या टीव्हीपर्यंत जाणार. दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात, सरळ, वेटोळं नको. आणि अर्थिंग धड नसेल तर झटका जाणार कुठे? खिडकी हिरवी आहे ना त्याची?"

"कसली खिडकी?"

"एसपीडी संपला की ती लाल होते."

मास्तर उठले. पिंट्याही त्यांच्याबरोबर निघाला, टॉर्च धरायला.