भिंत ओली असताना रंग कसले लावताय!

बास झालं आता. आमच्या घरात कायम काहीतरी फोडणं, खरवडणं, चिकटवणं चालू असतं आणि त्यातलं एकही काम शेवटाला जात नाही. बाथरूमच्या दाराची कडी काढून ठेवलीय, त्यामुळे आत गेलं की दोरी बांधायची. हॉलच्या तीन भिंतींना स्कर्टिंग बसलं, चौथी तशीच. स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं बिजागऱ्यांसकट बाल्कनीत उभी आहेत आणि भांडी उघड्यावर धूळ खात पडलीत. नवरा आणि सासरे, दोघांनाही काम काढायची भारी हौस. पण शेवटचा स्क्रू पिळायची आणि पसारा आवरायची वेळ आली की दोघांचे डोळे पुढच्या भिंतीवर गेलेले असतात.

घरचं काम घरी करायला माझा अजिबात विरोध नाही. हाताने कामं करणारी माणसं मला आवडतात. गळका नळ उघडून वॉशर बदलणं, थ्रेडवर टेफ्लॉन टेप गुंडाळून पाइप बसवणं, सैल झालेली बिजागरी घट्ट करणं, ही कामं प्रत्येकाला यायलाच हवीत. माझं भांडण वेगळं आहे. आधी बिघाड कुठे आहे ते शोधायचं असतं, मग हत्यार उचलायचं असतं, आणि आमच्याकडे शोधायचा कंटाळा केला जातो.

बेडरूमची ती भिंत घ्या. तिच्या मागे बाथरूम आहे. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ओल चढलीय, रंगाचे पोपडे सुटलेत, खाली पांढरी पूड पडते. यावर आमच्या घरचा उपाय ठरलेला: पोपडे खरवडायचे, पुट्टी ओढायची, घासायची, प्रायमर मारायचा, रंगाचे दोन हात द्यायचे. भिंत छान दिसते. सासरे लांब उभे राहून बघतात आणि म्हणतात, "बघ सूनबाई, नवी झाली की नाही?" काही महिन्यांत तिथेच फुगवटा येतो, बोटाने दाबला की आतून भुसभुशीत लागतो, आणि पुन्हा तोच खेळ.

अहो, ती पांढरी पूड म्हणजे क्षार आहेत! मागून येणारं पाणी विटेतले, सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते रंगाला आतून ढकलून पाडतात. पाणी येतंय तोवर वर कितीही महागडा रंग लावा, तो पडणारच. तुम्ही जो डाग झाकताय तो पाण्याने दाखवलेला पत्ता आहे. तो पत्ता घेऊन भिंतीच्या मागे जायचं सोडून पुढून पुट्टी का ओढताय?

आणि शोधणं काही अवघड नाही. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर पक्का चिकटवायचा आणि दिवसभर सोडायचा. थेंब बाहेरच्या बाजूला जमले तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे, मागे जमले तर पाणी भिंतीतून येतंय. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे बघायचं. काटा तरीही हलत असेल तर पाइप कुठेतरी गळतोय. पाइप ठीक असेल तर बाथरूमची नहाणी, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं तोंड, बंद करून जमिनीवर दोन-तीन बोटं पाणी साठवायचं, पातळीला खूण करायची, २४ तास पाय ठेवायचा नाही. खूण आणि पाणी यांत उडून जाण्यापेक्षा जास्त फरक पडला, भिंतीची ओल वाढली, तर वॉटरप्रूफिंग गेलंय किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेने पाणी मुरतंय. तीन साध्या चाचण्या आहेत, हत्यारं लागत नाहीत. मी त्या कागदावर लिहून फ्रिजला लावल्या. त्या कागदावर नवऱ्याने स्क्रूची मापं लिहिली. मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

गिलाव्याचंही तेच. सिमेंट वाळल्याने घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, म्हणून निदान ७ दिवस ते ओलं ठेवावं लागतं. आमच्याकडे संध्याकाळी एकदा मगभर पाणी उडवलं की झालं पाणी मारून. मग तडे गेले की दोष सिमेंटच्या पोत्याला.

आता धुळीबद्दल बोलते, कारण त्याबद्दल या घरात कुणीच बोलत नाही. टाइल कापायची तर पाणी सोडत कापा, निदान बाहेर नेऊन कापा, मास्क लावा, हे किती वेळा सांगितलं! टाइलच्या आणि सिमेंटच्या बारीक धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथून निघत नाही. बंद खोलीत कोरडं ग्राइंडर फिरवायचं आणि वर म्हणायचं, "होईल साफ." होईल म्हणजे कोण करेल? सासूबाई आणि मी. पांघरुणं, पुस्तकं, पंख्याची पाती, मुलीची खेळणी, सगळ्यावर तो पांढरा थर. एकदा झाडून तो जात नाही, ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसावं लागतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या खाली बसून फरशीवरचे रंगाचे थेंब नखाने काढत असतात. पाहुणे आले की भिंतीचं कौतुक होतं त्या दोघांचं. हे पुसणं कामात धरतच नाहीत. ज्याने धूळ केली त्याने ती पुसेपर्यंत काम संपलं असं मी मानणार नाही, आणि यापुढे फडकं मी उचलणार नाही, सासूबाईंनाही उचलू देणार नाही.

पण हे सगळं एकीकडे. माझी झोप उडालीय ती स्विचबोर्डमुळे. त्याच ओल्या भिंतीवर बोर्ड आहे. रंग लावताना त्याची प्लेट काढली, ती परत बसवलेली नाही. बोर्ड दोन वायरींवर पुढे लोंबतोय, अर्थिंगची हिरवी वायर सुटून बाजूला वळवून ठेवलीय, आणि एका जोडाला नुसती टेप गुंडाळलीय. खाली माझी लेक खेळते. मी बोलले तर नवरा म्हणाला, "एमसीबी आहे ना, पडेल तो." नाही पडणार! एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा तो स्विच, वायर तापून जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी शॉर्ट झालं किंवा भार फार वाढला तरच पडतो. माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी, अँपिअरचा छोटासा अंश पुरतो, आणि तेवढ्याची एमसीबीला चाहूलही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी वेगळा असतो, ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा. तो आमच्या घरात नाही. ओली भिंत, सुटलेलं अर्थिंग, उघडा बोर्ड, आणि उत्तर काय, "रविवारी बघू."

रविवारची वाट मी बघणार नाही. त्या खोलीचा मेन मी खाली पाडून ठेवलाय आणि त्यावर चिकटपट्टी लावलीय. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला मीच बोलावलंय. तो अर्थिंग तपासेल, आरसीसीबी बसवेल, बोर्ड कोरड्या भिंतीवर हलवेल. त्यानंतर बाथरूमची नहाणी बंद करून पाणी साठवायचं, आणि २४ तासांनी खूण बघायला दोघांनीही माझ्यासोबत उभं राहायचं. गळती सापडून बंद होईपर्यंत आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत तिला पुट्टीचा हातही लागता कामा नये. आणि तोवर वेळ जात नसेल तर बाथरूमच्या दाराची कडी बसवा.