पत्रा आपला नसेल तर ट्रान्सफॉर्मर आपला कसा?

मकरपुरा जीआयडीसीतून (सरकारी औद्योगिक वसाहतीतून), वाघोडिया रस्त्यावरून किंवा सावलीकडे जाताना करड्या टाक्या बांधलेले ट्रक बडोदेकरांना रोज दिसतात. महाराष्ट्रात त्यांना रोहित्र म्हणतात, इथल्या मराठी घरांतही शब्द ट्रान्सफॉर्मरच. देशाला लागणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा मोठा वाटा आपल्या शहराच्या आसपास तयार होतो. म्हणून औद्योगिक धोरण आणि तंत्रज्ञानातलं स्वावलंबन यावर बोलायचं तर बडोदेकरांनी भाषणांपेक्षा ही टाकी उघडून बघावी, असं मला वाटतं.

टाकी आपलीच, तिचं वेल्डिंग आपलं, रेडिएटर आपले. तेल देशात शुद्ध होतं. तांब्याची तार आणि पट्टी इथे ओढली जाते, तिच्यावर कागद इथेच गुंडाळला जातो. या सगळ्याच्या मध्ये बसलेला कोर, म्हणजे ज्याच्याभोवती तार गुंडाळतात तो चुंबकीय गाभा, मात्र सीआरजीओ पत्र्याचा असतो, म्हणजे दाण्यांची दिशा एकाच बाजूला वळवलेलं सिलिकॉन पोलाद. यातला बराचसा पत्रा आजही बाहेरून येतो, जपान, कोरिया, चीन, रशिया अशा देशांतल्या मोजक्या कारखान्यांतून. आपण ट्रान्सफॉर्मर निर्यात करतो आणि त्याचं काळीज आयात करतो.

हा पत्रा इतका अवघड का, हे समजून घेतलं की धोरणाची निम्मी चर्चा सरळ होते. पोलादात साधारण ३ टक्के सिलिकॉन घालतात. त्यापेक्षा फार वाढवलं तर पत्रा ठिसूळ होतो आणि थंड अवस्थेत लाटताना फुटतो. दोन-अडीच मिलिमीटरची गरम पट्टी लाटत ०.२३ ते ०.३० मिलिमीटरवर आणायची. मग ओल्या हायड्रोजनमध्ये तापवून कार्बन जवळजवळ शून्यावर न्यायचा, वर मॅग्नेशियम ऑक्साइडचा लेप द्यायचा आणि गुंडाळी सुमारे १२०० अंशांवर हायड्रोजनच्या भट्टीत ठेवायची. हे काम दिवसांचं आहे, तासांचं नाही. या भट्टीत एका विशिष्ट दिशेचे दाणे बाकीच्यांना गिळून मोठे होतात आणि चुंबकीय प्रवाह पत्र्याच्या लांबीच्या दिशेने सहज वाहू लागतं. नॉर्मन गॉस या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये याचं पेटंट घेतलं. म्हणजे तत्त्व नव्वद वर्षांपासून जगजाहीर आहे, पाठ्यपुस्तकात आहे. तरीही हा पत्रा नीट काढणारे कारखाने जगात मोजकेच.

कारण सगळी मेख दाण्यांना अडवून धरणाऱ्या सूक्ष्म कणांत आहे, मँगनीज सल्फाइड आणि अॅल्युमिनियम नायट्राइडच्या. हे कण ठरलेल्या तापमानापर्यंत नको असलेल्या दाण्यांना वाढू देत नाहीत. लवकर विरघळले तर भलतेच दाणे वाढतात, उशिरा विरघळले तर हवे ते वाढतच नाहीत. पोलाद वितळवताना अॅल्युमिनियम किंवा गंधक थोडं जरी मागेपुढे झालं, तरी ते कळतं शेवटच्या भट्टीनंतर, सगळा खर्च होऊन गेल्यावर, आणि अख्खी गुंडाळी हलक्या दर्जात टाकावी लागते. हे ज्ञान पेटंटच्या कागदात मावत नाही. हजारो बिघडलेल्या गुंडाळ्यांच्या नोंदींमधून ते येतं, आणि तेवढ्या गुंडाळ्या बिघडू देण्याची ऐपत व धीर ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच आज ते आहे.

हा धीर कुठून आणायचा, हा राष्ट्रीय धोरणाचा खरा प्रश्न आहे. विशेष पोलादासाठीची पीएलआय योजना, म्हणजे उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची योजना, जुलै २०२१ मध्ये मंजूर झाली, ६,३२२ कोटींची. तिच्या पाच गटांत इलेक्ट्रिकल स्टील आहे, हे योग्यच झालं. नाशिकचा थिसेनक्रुपचा इलेक्ट्रिकल स्टीलचा कारखाना २०२५ च्या सुरुवातीला जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफईच्या भागीदारीकडे आला. हेच दोघे कर्नाटकात विजयनगरलाही हा पत्रा करणार आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. पण पीएलआयचं बक्षीस वाढीव विक्रीवर मिळतं, म्हणजे माल निघून विकला गेल्यावर. भट्टी शिकण्याच्या पहिल्या तीन-चार वर्षांत हलका माल जास्त निघणार, आणि हात द्यायचा तो तेव्हाच. परदेशी भागीदारीचा करार करताना सरकारने आणखी एक गोष्ट मागावी: इथल्या अभियंत्यांनी पत्रा बनवण्याच्या कृतीत केलेल्या सुधारणेची मालकी इथे राहील का? हे कलम नसेल तर वीस वर्षांनीही आपण परवान्यावर चालवणारेच राहू.

आता दुसरी बाजू, जी आपल्या जीआयडीसीत रोज दिसते. चांगला पत्रा महाग आणि मिळेल त्या तारखेला, म्हणून बाजारात 'सेकंड्स' फिरतात: कारखान्यांनी नाकारलेला माल, किंवा परदेशातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरांचे कोर मोडून पुन्हा कापलेल्या पट्ट्या. त्यांचा वरचा इन्सुलेशनचा थर खरवडलेला असतो, त्यामुळे पट्टी-पट्टीमधून भोवरा प्रवाह वाहतात, म्हणजे कोरमध्येच गोल फिरून वीज वाया घालवणारे प्रवाह. एकदा वाकवलेल्या, आपटलेल्या पत्र्याचे चुंबकीय गुण उतरतात, कारण सीआरजीओला ताण अजिबात सोसत नाही. चांगला पत्रासुद्धा कापताना बिघडवता येतो. ब्लेड बोथट झालं की कडेला बर येते, म्हणजे धातूची बारीक टोकदार कंगोरी. ती साधारण ०.०२ मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते, नाहीतर शेजारच्या पट्ट्या एकमेकींना टोचून जोडल्या जातात. कोपऱ्यावर ४५ अंशांचा तिरका कट आणि पायऱ्यांसारखा जोड नीट बसला नाही की फट राहते आणि त्या फटीत नुकसान आणि गुणगुण दोन्ही वाढतात. आणि बडोद्याच्या पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये ठेवलेल्या गुंडाळीच्या कडा गंजतात, ते वेगळंच.

हे सेकंड्स खपतात कसे? टेंडरमुळे. बहुतेक ठिकाणी सर्वात कमी किमतीचा निविदाकार जिंकतो. ट्रान्सफॉर्मरची किंमत मात्र खरेदीच्या दिवशी संपत नाही. कोरमधलं नुकसान, म्हणजे तिथे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, भार असो वा नसो, वर्षाचे ८,७६० तास चालू असतं. एक वॉट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. युनिटला ५ रुपये धरले तर ४३.८० रुपये. २५ वर्षांचा हिशेब १० टक्के व्याजाने आजच्या पैशात आणला तर कोरमधल्या एका वॉटची किंमत जवळपास ४०० रुपये होते.

हेच आकडे खऱ्या कोरला लावू. ०.२३ मिलिमीटरचा उत्तम, लेसरने रेघा मारलेला पत्रा १.७ टेस्ला इतक्या चुंबकीय तीव्रतेला किलोमागे ०.८५ वॉट खातो. साधा पत्रा सुमारे १.२ वॉट. १०० केव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये समजा १५० किलोचा कोर आहे. फरक ५२ वॉटचा, म्हणजे आजच्या पैशात सुमारे २१,००० रुपये. टेंडरमध्ये पाच-दहा हजारांनी स्वस्त पडलेला ट्रान्सफॉर्मर ग्राहकाला त्या बचतीच्या दुपटीहून जास्त महाग पडतो, आणि ते बिल वीजदरातून आपणच भरतो. सेकंड्सचं नुकसान तर याहून किती जास्त असेल ते कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, कारण त्याला कारखान्याचं चाचणीपत्रच नसतं.

उपाय नवा नाही. मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या खरेदीत कोरमध्ये वाया जाणाऱ्या प्रत्येक वॉटला एक आणि भारामुळे वाया जाणाऱ्या प्रत्येक वॉटला एक असा रुपयांतला आकडा किमतीत मिळवून मग बोली तोलतात. छोट्या वितरण ट्रान्सफॉर्मरलाही सक्तीने हेच लावा. भारतीय मानक आयएस ११८० ने २०१४ च्या तक्त्यात अर्ध्या आणि पूर्ण भाराच्या एकूण नुकसानाच्या मर्यादा घातल्या: १०० केव्हीए, ११ केव्ही, लेव्हल २ (कार्यक्षमतेची पातळी) साठी ४७५ आणि १,६५० वॉट. मर्यादा चांगली आहे, पण ती फक्त दार अडवते. दाराच्या आत आल्यावर कोण अधिक चांगलं बनवतो याला बक्षीस देत नाही. वॉटला किंमत लावली की चांगल्या पत्र्याला मागणी येईल, आणि खात्रीची मागणी आली की भट्टीत पैसे घालणाऱ्याला बँकेसमोर कागद ठेवता येईल. माझ्या मते कुठल्याही अनुदानापेक्षा हा एक बदल मोठा आहे आणि याला तिजोरीतून जवळपास काहीच लागत नाही.

शुल्क आणि गुणवत्ता आदेशांचा क्रम चुकतो तिथेही लक्ष हवं. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र नसलेला पत्रा आत येऊ नये, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण देशात पुरेसा माल तयार होण्याआधी परवानगी असलेले परदेशी कारखाने चार-पाचच उरले, तर भाव चढतात. मोठे कारखाने आगाऊ करार करून बसतात आणि मकरपुऱ्यातला पंधरा कामगारांचा कोर कापणारा अडकतो. मग तोच नाइलाजाने सेकंड्सकडे वळतो, म्हणजे आदेशाचा हेतूच उलटतो. आधी देशी क्षमता, मग तारीख जाहीर करून टप्प्याटप्प्याने अडसर, असा क्रम असावा. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म वीज उभी करायची आहे. प्रत्येक सौर प्रकल्पाला ट्रान्सफॉर्मर लागणार, त्यामुळे या घाईत चुकीच्या क्रमाचा फटका मोठा बसेल.

विमानांचंही तसंच. २८ ऑक्टोबर २०२४ ला इथे सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या जोडणी कारखान्याचं उद्घाटन झालं. ५६ विमानांपैकी ४० बडोद्यात जोडली जाणार. शहराला अभिमान वाटलाच पाहिजे. हजारो सुटे भाग देशात करायला शिकणं ही खरी कमाई आहे. पण इंजिन प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं आहे. इंजिनाच्या उष्ण भागातली धातूंची पाती आणि त्यावरचे लेप आपण करू लागलो तर पुढचा टप्पा. तिथेही गोष्ट भट्टीशीच येऊन थांबते.

संशोधनावर आपण सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. २०२५ मध्ये संशोधन-नवोन्मेषासाठी १ लाख कोटींचा निधी मंजूर झाला. त्यातला थोडा पैसा पत्र्यासाठी एका छोट्या प्रयोग-मिलवर घालावा: पन्नास-शंभर किलोचं पोलाद वितळवणारी भट्टी, छोटी लाटणी, हायड्रोजनची भट्टी. इथे चुकायला स्वस्त पडतं. तपासणीची बाजू आपल्याकडे आधीपासून आहे. १९७४ पासून बडोद्यात एर्डा ही विद्युत उपकरणांच्या संशोधनाची आणि चाचणीची संस्था आहे. एकेकाळी मोठे ट्रान्सफॉर्मर शॉर्टसर्किट चाचणीसाठी जहाजाने नेदरलँड्सला पाठवावे लागत, आता मध्य प्रदेशात बीनाला मोठी प्रयोगशाळा आहे. लहान उद्योगांना हवं आहे ते अगदी साधं: जीआयडीसीत सामायिक एपस्टाइन फ्रेम, ३० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून पत्र्याचं नुकसान मोजायला. पत्रा आला त्याच दिवशी मोजता आला तर सेकंड्सचा धंदा निम्मा बसेल.

सयाजीराव महाराजांनी हे कोणत्या क्रमाने केलं ते आठवावं. १८९० मध्ये कलाभवन, प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. कापड रंगवण्याचं काम, यंत्रकाम, सुतारकाम, आणि शिकवणं मातृभाषेतून असावं हा गज्जरांचा आग्रह. १९०७ मध्ये अलेंबिक हा औषध-रसायनांचा कारखाना उभा राहिला. गज्जरांबरोबर कोटिभास्कर आणि अमीन होते. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. आधी शिकलेले हात, मग कारखाना, मग कर्ज देणारी पेढी. अठरा वर्षांत तिन्ही एकमेकांना जोडलेले.

आज वाइंडरची, म्हणजे कोरभोवती तार गुंडाळणाऱ्या कारागिरांची, कमतरता आहे, आणि तीही वाईट प्रकारची. तारेचे वेढे सैल बसले, त्यांच्यामध्ये घालायचे प्रेसबोर्डचे (दाबलेल्या पुठ्ठ्याचे) स्पेसर एका रेषेत आले नाहीत, क्लॅम्पिंग (आवळणं) कमी पडलं, तर पहिल्याच मोठ्या शॉर्टसर्किटला वाइंडिंग सरकतं आणि कागद फाटतो. कागदात ओलावा राहिला तर कागद काही वर्षांतच जुना होतो. हे काम करणारा बहुतेकदा उस्तादाच्या हाताखाली शिकतो; 'असं दाब' एवढंच त्याला कळतं, का दाबायचं ते नाही. एमएस युनिव्हर्सिटीच्या तंत्रज्ञान शाखेने, म्हणजे जुन्या कलाभवनानेच, गुजराती, मराठी आणि हिंदीत वाइंडिंग व कोर-जोडणीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढावा. फोटो असलेली पुस्तिका असावी, बर कशी मोजायची, जोडातली फट कशी बघायची, वाळवणीनंतर किती वेळात टाकीत तेल भरायचं, हे सगळं त्या त्या भाषेत लिहिलेलं. दांडिया बाजारातल्या निवृत्त अभियंत्यांपैकी कुणी मराठी मजकूर लिहायला तयार असेल तर पहिलं प्रकरण बर आणि ब्लेडवर असावं, कारण बिघाड तिथूनच सुरू होतो आणि शिकवायलाही तेच सगळ्यात सोपं आहे.